व्हिटॅमिनच्या बाटलीतल्या गोळ्या

नववीत असताना मळ्यात गुलाब तोडता तोडता मला पहिली फीट आली. शुद्धीवर आले तेव्हा वडिलांची चप्पल नाकाशी होती आणि कुणीतरी दातांत कोंबलेल्या चमच्याने पुढचा दात तुटला होता. नाशिकच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वडिलांना चांगलंच झापलं. फीट आली की तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही, असं बजावलं.

मी चुकवली नाही. तीन वर्षं फीट आली नाही, म्हणून तर घरच्यांनी माझं लग्न जमवायचं धाडस केलं. निघताना आईने गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून दिल्या. कुणी विचारलंच तर ताकदीच्या आहेत म्हणून सांग, म्हणाली.

सासर नाशिकरोडला. चार महिने निभावले. मग नवऱ्याने एक गोळी औषधाच्या दुकानात नेऊन दाखवली. संध्याकाळी सासूबाईंनी मला समोर उभं केलं आणि सगळी बाटली मोरीत रिकामी केली.

"आता बघू, येते का ते."

मी नवऱ्याला म्हणाले, एकदम बंद केल्या तर त्रास होईल. तो टीव्ही बघत होता. एसटीडी बूथवरून माहेरी फोन करावा, तर मला एकटीला बाहेर सोडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी भाकरी करताना फीट आली. डावा हात तव्यावर पडला. नणंद मला ओढायला धावली, तेव्हा सासूबाईंनी तिला दारातच धरलं. "थांब, होऊ दे तिचं." हे नणंदेनेच मला पुढे सांगितलं, रडत रडत.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने मला रिक्षाने माहेरच्या दारात आणून सोडलं. वडिलांनी पाणी विचारलं, तर तो खाली उतरलासुद्धा नाही. आईने हाताचं फडकं सोडून पाहिलं, परत बांधलं.

"एक बाटली लपवता आली नाही तुला?"

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डोस वाढवावा लागला. वर्षभर अधूनमधून फीट यायची, मग थांबली. हाताची दोन बोटं मात्र आखडली ती आखडलीच.

त्यानंतर दोन वर्षांनी धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. आईने आदल्या दिवशी माझी पिशवी भरली आणि घोटीला मावशीकडे जा म्हणाली. मी म्हटलं, "आई, दोन वर्षांत एकदाही आली नाही मला."

"ती दोन वर्षं त्यांना दिसणार नाहीत. हात दिसेल."

मी एसटीने घोटीला गेले. बहिणीचं जमलं. लग्नात आईने मला मागच्या रांगेत बसवलं. नवरदेवाकडच्या एका बाईंनी पंगतीत सहज विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? बहीण समोरूनच चालली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"शेजारी राहते," मी म्हणाले.