गाळ तूच काढ

कोणी परका गावात आला की खालच्या आळीतली ती बाई विहिरीतून तांब्याभर पाणी काढून त्याच्या नाकाखाली धरायची. "आदी वास घे," म्हणायची, "मंग बोल."

मीही तो वास घेतला होता. तीस सालच्या आसपास मी उरणकडच्या गावांतल्या विहिरी तपासणारा ओव्हरसियर होतो; तिच्या तोंडी ओरशेर. वरच्या आळीत मिठागराच्या शेटचं घर. त्यांच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी उघड्या गटारातून उतरून खालच्या आळीच्या एकुलत्या विहिरीपाशी मुरायचं. मला ते दिसलं होतं. पण त्या दुपारी मी शेटकडे आमरस-पुरी जेवलो आणि अहवालात लिहिलं, विहिरीस धोका नाही.

त्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली. आठवड्यात तिची दोन मुलं गेली. थोरली लग्नाला आलेली होती.

ती रडल्याचं कोणी पाहिलं नाही. दिवसकार्य झाल्यावर ती शेटकडे गेली. "शेट, तुमचं गटार फिरवा."

शेट झोपाळ्यावर होते. म्हणाले, "खाडीच्या चिखलात जन्म गेला तुमचा. तुम्हाला घाण कधीपासून बाधायला लागली?"

ती परत आली. पुढचा सबंध उन्हाळा तिनं शेटच्याच मिठागरावर पाट्या वाहिल्या. तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, बिचारी विसरली. ती आभाळ भरून यायची वाट पाहत होती.

वैशाख सरता सरता ढग चढले. मिठाच्या राशी उघड्यावर होत्या. त्या सकाळी तिनं पाटी उपडी केली आणि तिच्यावर बसली. मागोमाग सगळ्या बायका बसल्या. शेट धावत आले, मजुरी वाढवतो म्हणाले.

"आदी गटार," ती म्हणाली. "मंग मीठ."

मला बोलावणं आलं. मी गटार वळवून त्याच्या वाटेवर दोन खड्डे घेतले. पहिल्यात गाळ बसायचा, दुसऱ्यात दगड, कोळसा, रेती. तिथून निथळलेलं पाणी विहिरीपासून लांब, केळींना आणि अळवाला. ती प्रत्येक पाटी हात घालून तपासायची. "नीट भर, ओरशेर. ह्यो कागद न्हाय."

दुसऱ्या दिवशी एक जोरदार सर आली आणि शेटची एक रास डोळ्यांदेखत विरघळली. ती टक लावून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तेवढं समाधान मी पुन्हा पाहिलं नाही.

"गाळ दरसाल उपसावा लागेल," मी सांगितलं.

"माणसं लावीन," शेट म्हणाले.

"मानसं नको." शेटना ती पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. "गाळ तूच काढ."

शेटनी वर आभाळाकडे पाहिलं आणि मान डोलावली.

दर वैशाखात शेट धोतर खोचून खड्ड्यात उतरायचे. ती बांधावर बसून सांगायची, "वाकून. तळाचा काढ." नंतर तपासणीला आलेल्या मला घरी नेऊन भाकरी आणि सुकटीची चटणी वाढायची. "आमरस न्हाय हां, ओरशेर."

काही वर्षांनी मी म्हटलं, "बाय, आता पुरे. म्हातारे झाले ते."

ती म्हणाली, "माझी पोर न्हाय झाली म्हातारी."

एका थंडीत ती गेली. त्या वैशाखात शेटनी दोन मजूर पाठवले. मजूर खड्ड्याशी पोचले तेव्हा खालच्या आळीच्या बायका बांधावर येऊन बसल्या होत्या. मजुरांनी घमेली खाली ठेवली आणि आले तसे गेले.

थोड्या वेळानं काठी टेकत शेट उतारावरून येताना दिसले.