भागीरथीबाईंची मनमाडची भाकरी

आपल्याविरुद्ध हायकोर्टात गेलेल्या माणसासाठी भाकरी बांधून आणणारी पक्षकार मी साऱ्या वकिलीत एकच पाहिली. राणीसावरगावच्या भागीरथीबाई. त्यांच्या विरोधातला वकील मीच असल्यामुळे ती भाकरी मीही खाल्ली आहे, अगदी कारळाच्या चटणीसकट.

वाद वाटेचा होता. बाईंच्या शेतात जायची गाडीवाट त्यांच्या धाकट्या दिराच्या, किसनरावांच्या रानातून होती. बाईंचा नवरा वारला आणि दिराने वाटेवर काटे लावले. परभणीच्या कोर्टात बाई जिंकल्या, म्हणून किसनरावांनी माझ्यामार्फत मुंबईच्या हायकोर्टात अपील केलं. तिथला निकाल लागेपर्यंत वाट बंदच. बाईंचा कापूस डोक्यावरून, बांधाबांधाने घरी यायचा.

मुंबईच्या वकिलाला कागद समजावून द्यायला मला जावं लागे. पक्षकारांनी यायची काही गरज नव्हती. पण वैनी जाते म्हणून किसनराव निघायचे, आणि भावजी निघाले म्हणून बाई. परभणीहून छोट्या गाडीने मनमाड, तिथे उतरून मोठी गाडी. मनमाडच्या फलाटावर ताटकळत बसलो की बाईंचं फडकं सुटे.

"भांडण वाटंचं हाय, भुकंचं न्हाई," म्हणत त्या पहिली भाकरी दिराच्या हातावर ठेवायच्या. किसनराव तोंड फिरवून खायचे, पण खायचे.

त्याच काळात औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून आम्ही वकील काळ्या फिती लावून कोर्टाबाहेर बसत होतो. नागपूरकरांना खंडपीठ आहे, मग मराठवाड्यालाच का नाही, असं मी एकदा तावातावाने बोललो. कोर्टाच्या कागदाची नक्कल घ्यायला आलेल्या बाईंनी कौतुकाने ऐकून घेतलं.

"निजामाच्या काळात मामंजी हैदराबादच्या कोर्टात जायचे," त्या म्हणाल्या. "निकाल उर्दूत यायचा. मग राज्य बदललं, कोर्ट मुंबईला गेलं. आता तुमी औरंगाबादला आणायलात. आणा की. आमची वाट बाकी हाय तिथंच पडून हाय."

माझे सहकारी खो खो हसले. मी खाली बसलो.

एका उन्हाळ्यात मुंबईहून पुन्हा नुसती तारीख घेऊन आम्ही परतत होतो. मनमाडला उतरलो तेव्हा तिघेही घामाने निथळत होतो. बाईंनी उरलेली, वाळलेली भाकरी मोडली, कांदा फोडला आणि दिराला म्हणाल्या, "भावजी, मुंबईपतुर माझ्यासंगं एका वाटंनं येता, जाता. लय चांगलं वाटतं. मग तुमच्या रानातून चार पावलं मला जाऊ द्यायला काय व्हतंय?"

किसनरावांचा घास हातातच राहिला. 'प्रकरण कोर्टात आहे, यावर बोलू नका,' असं त्यांचा वकील म्हणून मी बजावायला हवं होतं. पण माझ्या तोंडात भाकरी होती.

परभणीला उतरल्यावर किसनराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "वकीलसाब, अपील काढून घ्या. वैनीच्या हातचं खाऊन तिच्याच इरुद्ध उभं ऱ्हायाला जीव होईना बघा." पेरणीच्या आधी त्यांनी स्वतःच्या हाताने काटे काढले. माझी केस बुडाली, पण जिंकलेल्या कुठल्याही केसने मला एवढा आनंद दिलेला नाही.

पुढे औरंगाबादला खंडपीठ झालं. मी पेढे घेऊन थेट राणीसावरगाव गाठलं. बाई आता थकल्या होत्या, पण पेढा त्यांनी आवडीने खाल्ला.

"आता मुंबईची यातायात संपली!" मी सांगितलं.

"मंजी वाटंत मनमाड लागत न्हाई?"

"नाही. औरंगाबाद अलीकडेच."

"फलाटावर बसायचं बी न्हाई?"

"छे! एसटीने जायचं, एसटीने यायचं. ज्याची त्याची सोय."

बाईंनी बोटाला लागलेला पेढा पदराला पुसला.

"मग वकीलसाब, लोकांनी मिटवायचं कुठं?"

खंडपीठासाठी गावोगाव भाषणं केलेल्या त्याच तोंडात मी दुसरा पेढा टाकला.