खराट्याची काडी

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत दापोलीहून केळशीला जाताना एसटीत माझ्या शेजारी एक खलाशी बसला होता. परदेशी बंदरं फिरून तो बऱ्याच दिवसांनी घरी निघाला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यानं मांडीवरच्या पिशवीतून लहान मुलीच्या लाल सँडल काढल्या आणि खिशातून खराट्याची एक काडी.

"हे पोरीच्या पायाचं माप. निघताना तिला उभी करून काडी तोडली. सिंगापूरच्या बाजारात आपली भाषा कोणाला येते? काडी आत ठेवायची आणि मान हलवायची. दोनदा उठून चालू लागलो, तेव्हा दुकानदारानं भाव उतरवलान."

सँडलमध्ये काडीच्या पुढे दोन बोटं जागा होती.

"वर्षाची वाढ धरून घेतल्या," तो म्हणाला. "मग बोटीची फेरी लांबतच गेली."

पुढे सगळ्या वळणांवर त्याचा हात पिशवीवरच होता.

केळशीला त्याची बायको मुलीला घेऊन आली होती. मुलगी आईच्या पदराआड लपली. हा लाल मातीत उकिडवा बसला आणि सँडल तिच्यापुढे मांडल्या. बऱ्याच वेळानं तिनं पाय घातला. टाच बाहेर राहिली.

"पट्टा ढिला केला की होतील," बायको म्हणाली.

आजही परदेशात कुठे बाजारात लहान सँडल टांगलेल्या दिसल्या, की तीच मुलगी आठवते. बापाचं बोट न धरता, टाचा मातीत टेकवत पुढे चाललेली, पण सँडल काढायला तयार नसलेली.