पालटलेली चादर

इस्पितळात त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. नाव पाडलं होतं एका मोठ्या सर्जननं. कोटाचं बटण लावून घ्यायला तो एकदा तळघरातल्या त्यांच्या खोलीत आला, त्यांची शिवण बघत उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमच्या टाक्यांची खूण राहते. तुमच्या राहत नाही." ही गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि बाई कायमच्या टाकेबाई झाल्या.

खोली धुलाईघराला लागून होती. भिंतीत वर एक झरोका, त्यातून ये-जा करणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. खाली एक टेबल, पायानं चालवायचं शिवणयंत्र आणि चादरींचे ढीग. चादर नेहमी मधोमध विरते, कारण माणूस तिथं झोपतो. ती विरली की टाकेबाई ती उभी फाडत, कडेचे धड भाग मध्ये आणून जोडत आणि विरलेला भाग दोन्ही कडांना नेऊन दुमडून टाकत. याला त्या चादर पालटणं म्हणत. पालटलेली चादर आणखी तीन-चार वर्षं सहज काढायची. अशी एकतीस वर्षं त्यांनी चादरी पालटल्या.

अगदीच गेलेल्या चादरी भांडारवाला बाद करायचा आणि त्यांना घरी न्यायला द्यायचा. नवरा लेक तीन वर्षांची असतानाच गेला होता, त्यामुळे घर त्या चादरींवरच उभं होतं म्हणा ना. पडदे त्यांचे, उशांचे अभ्रे त्यांचे, भांडी पुसायची फडकी त्यांची. लेकीचे आतले कपडेसुद्धा त्यांचेच. एकदा शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यातून आतल्या शमीजवरचा इस्पितळाचा निळा शिक्का पाठीवर दिसला. वर्गातल्या मुलींनी वाचला. त्या दिवसापासून शाळा सुटेपर्यंत, म्हणजे पुढची पाच वर्षं, लेकीचं नाव 'वॉर्ड नंबर तीन' राहिलं. घरी येऊन तिनं शमीज कात्रीनं उभी-आडवी कापली आणि चार दिवस आईशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते एवढंच, "मला दुकानातलं कापड पाहिजे. आधी कुणी न वापरलेलं."

टाकेबाईंनी ते आणून दिलं. शमीजचे तुकडे मात्र टाकले नाहीत, त्यांची फडकी शिवली. लेकीनं ती कधी हातात धरली नाहीत.

पुढं लेक शिकली, एका कचेरीत लागली, वेगळं घर करून राहिली. इस्पितळानं वापरून फेकायच्या कागदी चादरी घेतल्या आणि टाकेबाईंना निरोपाचा हार घातला. खोलीतलं यंत्र भंगारात जाणार होतं, ते त्यांनी मागून घेतलं आणि उरलेल्या चादरींचे दोन मोठे गठ्ठेही.

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडली. लेकीच्या मैत्रिणीनं नवीन घर घेतलं होतं आणि भेट म्हणून काय न्यावं हे लेकीला सुचत नव्हतं. घाईघाईत तिनं आईच्या कपाटातून सहा फडकी आणि पातेली झाकायची चार कापडी टोपणं उचलली. टोपणांच्या कडेला लवचीक पट्टी ओवलेली, डब्यावर घट्ट बसणारी. मैत्रीण हरखली. जमलेल्या सगळ्या बायकांनी ती हाताळून पाहिली. मऊ किती, पाणी टिपतात किती, प्लास्टिक नको, कागद नको, कुठं मिळतात? दुसऱ्याच दिवशी सकाळी लेक आईकडे हजर.

"आई, मला शिकव," ती म्हणाली.

टाकेबाईंना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

ते वर्ष त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात गोड वर्ष. लेक कचेरीतून सुटून थेट आईकडे यायची. दोघी समोरासमोर बसत. एक कापायची, एक टीप मारायची. ज्या कापडाला पोर हात लावत नव्हती तेच मांडीवर घेऊन बसायची, बोटाला सुई टोचली की आईसारखंच बोट तोंडात घालायची. भाजीच्या पिशव्या, फडकी, टोपणं, हातरुमाल असा संच पुठ्ठ्याच्या पेटीत घालून सुतळीनं बांधायचा. लोक घरच्या समारंभाला भेट द्यायला घेऊन जायचे. पेटीत एक छापील कार्डही असायचं. पहिलं कार्ड आलं तेव्हा टाकेबाईंनी चष्मा लावून वाचलं: 'माझ्या आईनं मला शिकवलं, टाकाऊ काहीच नसतं. लहानपणी तिनं जुन्या चादरींचे शिवलेले कपडे घालून मी शाळेत जायचे आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा.'

त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं. "अभिमान?"

"आई, कार्डावर भांडणं थोडीच छापतात," लेक हसत म्हणाली.

त्याही हसल्या. पोरीला त्या जुन्या गोष्टीवर हसता येतंय, एवढ्यावरच त्यांचं मन भरलं. पेटीवर त्यांचा फोटो आला, यंत्रावर वाकलेला. गल्लीतला किराणावाला त्यांना फोटोतल्या आजी म्हणायला लागला.

दोन वर्षांत लेकीनं नोकरी सोडली, बाजारामागं एक गाळा घेतला, आठ बायका आणि आठ यंत्रं बसवली. टाकेबाई रोज अकराला तिथं जात, नवीन बायकांना दुमड घालायला शिकवत. त्यांतल्या एका जाड भिंगाच्या बाईचा हात चांगला होता. तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि टाकेबाईंचा तिच्यावर जीव होता.

एके दिवशी त्यांनी चष्मेवालीचं फडकं सहज बोटांत धरलं, एक टाका घातला आणि त्या थांबल्या. दिसायला जुनं, कडेला विरल्यासारखं, कोपऱ्यात फिकट निळा शिक्काही होता. पण सुई त्यात अडखळत होती. शेकडो वेळा धुतलेल्या कापडात सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. हे कापड कुठल्या आजाऱ्याच्या अंगाखाली एक रात्रही गेलेलं नव्हतं.

"हे कुठून आलं गं?"

चष्मेवालीनं इकडं तिकडं पाहिलं. "मावशी, मागच्या खोलीत बघा. पण मी सांगितलं म्हणू नका."

मागच्या खोलीत कोऱ्या कापडाचे तागे उभे होते, प्रत्येक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. शेजारी जुनं दिसावं म्हणून दगड घालून धुऊन आणलेलं कापड आणि टेबलावर निळ्या शाईची गादी, वर लाकडी शिक्का. त्यावर आकडे इस्पितळातल्या वॉर्डांचेच कोरले होते. खाली पोत्यात कातरणं भरली होती, कचऱ्यात जायची. एवढ्या कापडात टाकेबाईंनी एक अख्खा वॉर्ड झाकला असता.

लेक फोनवर होती. बोलणं संपेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.

"नवं कापड आणून जुनं करतेस?"

"आई, आता जुन्या चादरी आहेत कुठं? सगळीकडं वापरून फेकायचं आलं. हॉटेलवाल्यांच्या आणल्या होत्या, त्यांना कसला तरी वास येत होता. गिऱ्हाइकांनी पेट्या परत केल्या. लोकांना जुनं हवंय, पण कुणी न वापरलेलं हवंय."

"मग नवं म्हणून वीक. शिवण चांगली आहे आपली."

"नवी फडकी कुठल्याही दुकानात मिळतात. ती कोण भेट देईल?"

दुसऱ्या दिवसापासून टाकेबाई शिक्का असलेल्या कापडाला हात लावेनात. लेकीनं ते पाहिलं.

पंधरवड्यानं एका मोठ्या कंपनीतली बाई गाळा बघायला आली. कंपनीला आपल्या माणसांना वर्षाखेरीला अडीच हजार पेट्या भेट द्यायच्या होत्या. बाई साधी होती, मनापासून बघत होती. फोटोतल्या आजी समोर दिसल्यावर ती त्यांच्या स्टुलाशी येऊन चक्क खाली बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"आजी, या चादरींवर किती माणसं बरी झाली असतील, नाही?"

टाकेबाई खोटं बोलू शकत होत्या. घरी जाताना त्यांना वाटलंही की आपण बोललो असतो तर बरं झालं असतं. पण ती बाई इतक्या आदरानं विचारत होती की त्यांच्या तोंडून खरंच आलं. "यांवर कुणी झोपलेलं नाही, बाई. हे नवं कापड आहे. शिक्का इथंच मारतात, मागं."

यंत्रं थांबली. बाईनं मान वर करून लेकीकडं पाहिलं.

लेक पुढं आली, आईच्या खांद्यावर अलगद हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आईला हल्ली आठवत नाही. वर्षभर झालं. कधी कधी तर मलाही ओळखत नाही."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफ करा, मला माहीत नव्हतं," ती म्हणाली आणि टाकेबाईंचा हात आणखी घट्ट दाबला. टाकेबाईंनी चष्मेवालीकडं पाहिलं. चष्मेवालीनं मान खाली घातली आणि यंत्र सुरू केलं. मग बाकीची सातही सुरू झाली.

घरी सोडताना लेक म्हणाली, "काय करायला हवं होतं मी? तूच सांग. आठ बायकांचं पोट आहे त्यावर. एकदाच म्हटलं, झालं गेलं."

"मी तुला कधी ओळखलं नाही गं?" टाकेबाईंनी विचारलं.

"आई, पुरे."

पण ते एकदावर थांबलं नाही. कंपनीच्या बाईनं ती हकीकत चार ठिकाणी सांगितली आणि पुढच्या खेपेला कार्डच बदललं. चष्मेवालीनं एक कार्ड पदराआड लपवून टाकेबाईंच्या घरी आणलं. 'आईला आता फारसं आठवत नाही,' त्यावर छापलं होतं, 'पण तिचे हात विसरलेले नाहीत.' पेट्या आधीपेक्षा दुप्पट जायला लागल्या.

"मी त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, मावशी," चष्मेवाली म्हणाली. "पण घरात कमावणारी मी एकटी."

"बोलली असतीस तर तुझंही डोकं फिरलंय म्हणाली असती," टाकेबाई म्हणाल्या आणि तिला चहा करून दिला. त्यानंतर चष्मेवाली आली नाही. त्याही गाळ्यावर गेल्या नाहीत, आणि कुणी बोलवायलाही आलं नाही.

कार्ड मात्र सगळीकडं पोचलं. किराणावाला सुटे पैसे त्यांच्या हातावर एकेक करून, मोठ्यानं मोजून ठेवायला लागला. शेजारीण कोटाचं अस्तर बदलायला देऊन गेली होती, ती संध्याकाळी परत आली आणि ओशाळून म्हणाली, "असू द्या आजी, तुम्हाला कशाला त्रास." कोट उसवलेला होता, तसाच घेऊन गेली. जिन्यातली माणसं त्यांना बघून आवाज चढवून आणि शब्द तोडून बोलत, जणू त्या बहिऱ्याही झाल्या होत्या. चिडल्या तर लोक एकमेकांकडं बघत, आणि चिडल्या नाहीत तर म्हणत, बिचाऱ्या.

शेवटी त्या आपल्या जुन्या इस्पितळात गेल्या. डॉक्टर तरुण होती, त्यांना ओळखत नव्हती. तिनं त्यांना चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणून घेतले, घड्याळ काढायला लावलं. तपासून झाल्यावर म्हणाली, "आजी, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्हाला इथं पाठवलं कुणी?"

"माझी मीच आले," टाकेबाई म्हणाल्या. "जरा लिहून द्याल?"

तिनं शिक्क्यासहित लिहून दिलं. रविवारी लेक डबा घेऊन आली तेव्हा टाकेबाईंनी तो कागद तिच्यासमोर ठेवला. लेकीनं शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला.

"हा कुणाला दाखवला नाहीस ना?"

"तुलाच."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि डबा उघडला.

लेक दर रविवारी येत राहिली, यात खोट काढता येणार नाही. यायची, जेवायला घालायची, पंधरा मिनिटं फोन बघायची आणि निघायची. वर्ष उलटलं. टाकेबाईंच्या हळूहळू लक्षात आलं की लेकही आता त्यांच्याशी सावकाश, मोठ्यानं बोलते. गोळ्या नसतानाही गोळ्या घेतल्या का विचारते. एका रविवारी वाढता वाढता ती म्हणाली, "आई, आज वार कोणता? सांग बघू."

घरात दोघींशिवाय कुणी नव्हतं. टाकेबाईंनी तिच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं. थट्टा नव्हती. पोर खरोखर उत्तराची वाट बघत होती.

"रविवार."

"शाब्बास," लेक म्हणाली, आणि पंधरा मिनिटांनी उठली.

पुढच्या खेपेला तिनं पुन्हा विचारलं. टाकेबाई थोडा वेळ भिंतीकडं बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मंगळवार ना?"

लेकीचा हात ताटावर थांबला. तिनं फोन बाजूला ठेवला, खुर्ची जवळ ओढली आणि आईचे केस कानामागं सारले. इतक्या हळुवारपणे तिनं आईला कधी हात लावला होता, ते टाकेबाईंना आठवेना. त्या दिवशी ती तासभर बसली.

तेव्हापासून टाकेबाई मधूनमधून वार चुकवतात. प्रत्येक वेळी नाही, महिन्यातून दोनदा. दर रविवारी चुकवले तर पोर आपल्याला कुठं तरी नेऊन ठेवेल, एवढं त्यांना कळतं.