शनीखालचा व्हॉल्व्ह

आमच्या इमारतीतल्या एकूण एक घरात वॉशरकाका जाऊन आलेले आहेत. पण कुणाच्या भिंतींना कोणता रंग आहे, कुणाकडे कसले पडदे आहेत, हे त्यांना विचाराल तर सांगता येणार नाही. कुणाच्या सिंकखाली काय चाललंय ते मात्र ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. माणूस दारात आला की ते आधी त्याच्या नळाची चौकशी करतात, मग त्याची.

धंदा प्लंबिंगचा. वॉशरकाका हे नाव पडलं कारण नळ गळो, टाकी भरो न भरो, कमोडला पाणी येवो न येवो, त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘आधी वॉशर बघू.’ एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या नवराबायकोचं कडाक्याचं भांडण चाललं असताना काका नेमके तिथे मोरीत काम करत होते. दोघं हमरीतुमरीवर आली तेव्हा काका हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, झिजलाय, बदलावा लागेल. बाई म्हणाली, मी तेच म्हणतेय. नवरा त्या दिवसापासून काकांशी बोलत नाही.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपला लावून मूठ कानाशी धरायची, ही त्यांची सवय. डॉक्टर छाती ऐकतो तसे ते भिंत ऐकतात. पाणी कुठे अडलंय, कुठे झिरपतंय, हे त्यांना असं कळतं म्हणतात. घरी मात्र ते कुणाचं काय अडलंय हे ऐकायला जात नसत. तो प्रांत काकूंचा. कुठली खुर्ची कुठे, गालिचा कसला, पाहुण्यांना कोणते कप, हे सगळं लग्नापासून काकूंनी ठरवलं. खरं म्हणजे काकूंनीही नाही, काकूंच्या धाकट्या बहिणीनं. बहिणीकडे फिक्या पिवळ्या भिंती आल्या की महिन्याभरात काकूंकडे फिक्या पिवळ्या. बहिणीनं सोफ्याला विणलेली कव्हरं घातली की काकूंची सुई चालू. बहीण, म्हणजे घरच्या भाषेत मावशी, आली की पहिल्यांदा दारात उभी राहून खोलीवरून नजर फिरवायची, आणि ती काही बोलेपर्यंत काकू पाणीसुद्धा विचारत नसत.

अशा घरात सून आली. ती एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात काचेमागची सजावट करते. बिनडोक्याच्या पुतळ्यांना कोट घालून त्यांच्याभोवती कधी जंगल, कधी रेल्वे स्टेशन उभं करायचं, हे तिचं काम. दिवसभर दुसऱ्याच्या काचेमागे हवं ते करायचं आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी येऊन कुशनही हलवायची नाही, हे तिला दोन वर्षं कसंबसं जमलं. मग नवराबायकोनं तिच्या दुकानाजवळ दोन खोल्या पाहिल्या. मुलगा रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे, स्वभावानं मवाळ. त्यानं जेवताना ही बातमी अशी सांगितली की जणू कुणा दुसऱ्याच जोडप्याबद्दल बोलतोय.

काकू म्हणाल्या, जायचं तर जा, कुणी बांधून ठेवलंय. काका हात धुऊन कामाला गेले. पण त्या दिवशी त्यांनी चौथ्या मजल्यावर गरम पाण्याच्या नळाला गार पाणी जोडून ठेवलं. त्यांच्या हातून असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सुनेशी त्यांचं जमायचं. संध्याकाळी ती आली की दोघं हत्यारांबद्दल बोलायची. तिच्याकडेही गोंदाची बंदूक, पकडी, ड्रिल असं सामान असायचं. मुलाला ड्रिल म्हटलं की घाम फुटतो. सून गेली तर घरात दोन म्हातारी आणि एक टीव्ही, हे काकांना स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी बायकोला सांगितलं की हॉल एकदा सुनेच्या हातात देऊन बघ. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी घराबद्दल मत दिलं, त्यामुळे काकू इतक्या चकित झाल्या की हो म्हणून गेल्या. मग सावरून त्यांनी अट घातली. मावशी बघायला येईल. ती हसली, तर सगळं उतरवायचं आणि होतं तसं करायचं. सून म्हणाली, चालेल. उतरवावं लागलं तर आम्ही त्या दोन खोल्या घेऊ. घरमालकाला तेवढे दिवस थांबायला सांगते.

सुनेच्या डोक्यात जे होतं त्याला ती स्टीमपंक म्हणाली. म्हणजे वाफेच्या इंजिनांच्या जमान्यातली एखादी वेधशाळा आहे, आणि तिथला शास्त्रज्ञ आत्ताच टोपी घालून बाहेर गेलाय, असं वाटलं पाहिजे. गडद निळ्या भिंती, त्यांवर सोनेरी ठिपक्यांनी काढलेली नक्षत्रं. भंगारबाजारातून आणलेली, काच धुरकट झालेली दुर्बीण, लाकडी तिवईवर. दाबमापकांच्या गोल तबकड्या, दातेरी चक्रं, आतली तार दिसणारे, पिवळट प्रकाशाचे दिवे. छताला पितळी सूर्य आणि त्याच्याभोवती ग्रह, टाकीतल्या फ्लोटच्या जुन्या गोळ्यांचे. आणि सगळ्या भिंतींवरून तांब्याचे पाइप.

पाइप म्हटल्यावर काका खुर्चीत पुढे सरकले. यातून वाफ जाणार का, त्यांनी विचारलं.

‘नाही हो बाबा, नुसती शोभा. एखाददुसऱ्यातून दिव्याची वायर जाईल.’

‘म्हणजे रिकामे?’

‘रिकामे.’

काकांनी मान हलवली खरी, पण ते त्यांना पटलं नाही, हे सुनेला दिसलं. पुढे ती मला म्हणाली की एखाद्या आचाऱ्याला सांगावं, पातेलं चुलीवर ठेवा पण आत काही घालू नका, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

काम सुरू झालं. काकूंनी जाहीर केलं की पुरं होईपर्यंत मी तिकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि त्यांनी तसं खरोखर केलं. स्वयंपाकघरातून बाल्कनीत जाताना, म्हणजे दिवसातून निदान दोनदा, त्या हॉलमधून पदर नाकाला लावून, नजर पायांवर ठेवून, हातात पाण्याची बादली घेऊन जायच्या. बाल्कनीतल्या कुंड्या हा त्यांचा जीव. सून शिडीवर, काका खाली. काकांनी पाइप असे बसवले की एकाही सांध्यावर डाग नाही. शनीसाठी कडं सापडेना तेव्हा त्यांनी शहराच्या मोठ्या जलवाहिनीचा एक जुना पितळी वॉशर काढून दिला, ताटाएवढा. सूनबाईंनी तो घासून लखलखीत केला आणि शनीला घातला. काका बराच वेळ मान वर करून बघत राहिले. घरातली एखादी वस्तू ते अशी बघत राहिल्याचं कुणाला आठवत नाही.

शनीच्या खाली, हाताला येईल अशा उंचीवर, त्यांनी एक छोटा पितळी व्हॉल्व्ह बसवला. त्याला लाल रंगाची गोल चक्री. सुनेच्या चित्रात तो नव्हता, पण तिला आवडला. स्वयंपाकघरात सिंकखाली त्यांनी एक दुपार घालवली तेव्हा काकूंना वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी गळतंय.

रविवारी मावशी आली, बरोबर तिचे यजमान. दारात उभी राहून तिनं नजर फिरवली. काकूंनी त्या दिवशी प्रथमच हॉल नीट पाहिला होता. आवडला की नाही, हे मावशी बोलल्याशिवाय त्यांनाही कळणार नव्हतं.

‘ताई, हे काय गं, जहाजाचं इंजिनघर?’ मावशी म्हणाली. ‘कोळसा कुठे टाकायचा?’

यजमान हसले. मुलगा भिंतीकडे बघू लागला. सुनेनं चहाचा ट्रे ठेवला आणि शांतपणे साखर विचारली. मावशी बसली नाही. म्युझियममध्ये फिरावं तशी ती फिरली. दाबमापकाच्या काचेवर तिनं टिचकी मारली. काटा हलला नाही. चक्र फिरवून पाहिलं, तर ते खिळ्यानं ठोकलेलं. दुर्बिणीला डोळा लावला आणि म्हणाली, काळोख. आणि हा शनी बैठकीतच का टांगलाय, मागे लागायला लांब पडू नये म्हणून? असं एकेक करत ती भिंतीभिंतीनं पुढे निघाली आणि काकूंचा चेहरा पडत गेला. यजमानांना या विषयात रस नव्हता. ते चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले.

‘सगळा देखावाच आहे म्हणायचा,’ मावशी म्हणाली. ‘हेही खोटंच ना?’ आणि तिनं लाल चक्री धरून फिरवली.

‘ते नको,’ काका म्हणाले, पण तोवर तिनं ती गरागरा पुरती उघडली होती.

आधी भिंतीत गुरगुर झाली. मग पाइप थरारला, त्याला टेकलेला गुरू हलला आणि छताखाली सगळे ग्रह डुलायला लागले. पुढच्या क्षणी बाल्कनीतून यजमानांची किंकाळी आली. कप फुटल्याचा आवाज झाला. सगळी धावली. यजमान जास्वंदीच्या मोठ्या कुंडीशेजारी उभे होते, गुडघ्याच्या खाली ओलेचिंब, आणि कुंडीमागच्या तांब्याच्या पाइपाच्या उघड्या तोंडातून पाण्याचा जोरदार फवारा त्यांच्या पायांवर पडत होता. काका तेवढे उलट दिशेनं धावले आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला.

ते बाल्कनीत आले तेव्हा काकू वाकून कुंडीमागे बघत होत्या.

‘हे पाणी कुठून आणलंत?’

‘स्वयंपाकघरातून.’

‘हॉलमधून?’

‘गुरूच्या मागून,’ काका म्हणाले. ‘दिसत नाही तिथून.’

मावशीला काही उमगेना, म्हणून सुनेनं तिला समजावून सांगितलं. नळाची जुनी गोष्ट सुनेनं काकूंकडून ऐकलेली होती, पण तिचा या पाइपाशी काय संबंध ते तिलाही त्याच क्षणी कळत होतं. लग्नानंतर काकूंनी नवऱ्याकडे मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे बाल्कनीत नळ. पाणी आणायचं तर स्वयंपाकघरातून, आणि वाट एकच, हॉलमधून. काका टेप घेऊन मोजायला लागले तेव्हा काकूंनीच हात धरला होता. बहिणीच्या हॉलमध्ये पाइप नाही, माझ्याही हॉलमधून पाइप जायचा नाही. तेव्हापासून बादली. आख्ख्या इमारतीला पाणी पुरवणाऱ्या माणसाची बायको आयुष्यभर कुंड्यांना बादलीनं पाणी घालत आली, आणि अलीकडे रात्री खांद्याला तेल चोळत होती. आता पाइप हीच शोभा म्हटल्यावर काकांनी त्यातला एक भरून घेतला होता. फक्त शेवटचा नळ बसवायचा राहिला होता. कारण पाइप भिंतीतून हॉलच्या बाजूनं सरकवता आला, पण नळासाठी बाल्कनीत जाऊन बसावं लागलं असतं, आणि काकूंना आधी कळू द्यायचं नव्हतं. इतक्या वर्षांच्या धंद्यात काकांनी पाइपाचं तोंड उघडं कधी सोडलं नव्हतं.

त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदात गुंडाळलेला छोटा पितळी नळ काढला. आठवडाभर तो खिशात घेऊन ते हिंडत होते.

मावशीनं नवऱ्याची ओली पँट पाहिली, मग पाइप पाहिला. ‘म्हणजे भाऊजींनी एका नळासाठी आख्खा हॉल असा करून ठेवला?’

काकू सरळ उभ्या राहिल्या. बहिणीच्या तोंडाकडे बघत त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तुझ्या बाल्कनीत आहे का नळ?’

मावशीकडे नव्हता. तिच्याकडे फिक्या पिवळ्या भिंती होत्या, विणलेली कव्हरं होती, काचेच्या कपाटात बाहुल्या होत्या. नळ नव्हता. माझ्या माहितीप्रमाणे दोघी बहिणींच्या आयुष्यात असं गप्प बसण्याची पाळी मावशीवर प्रथमच आली.

काकांनी तिथेच बसून नळ आवळला. पुन्हा व्हॉल्व्ह उघडला. काकूंनी तोटी फिरवली, बंद केली, परत फिरवली. यजमानांना मुलाची पँट दिली, ती त्यांना आखूड झाली. चहा पुन्हा टाकला. या वेळी मावशी हॉलमध्ये बसली, आणि बसल्यावर म्हणाली की दिव्यांचा उजेड तसा डोळ्यांना बरा आहे. निघताना तिनं जिन्यात काकांना गाठून हळूच विचारलं की आमच्याकडेही स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत नेता येईल का. काका उत्तर देणार, तेवढ्यात दारातून काकू म्हणाल्या, ‘नेता येईल गं, पण तुझ्या हॉलला शोभणार नाही.’

सोमवारी सुनेनं घरमालकाला नको म्हणून कळवलं. काकूंनी यावर काही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच बजावलं की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत एकही चक्र, काटा किंवा ग्रह येता कामा नये. सून म्हणाली, बरं. काका आता कुणाकडे कामाला गेले की जाता जाता विचारतात, आमचा हॉल पाहिलात का.

परवा मी गेले तेव्हा काकू सोफ्यावर मान मागे टाकून छताकडे बघत होत्या. सून बाजूला कपड्यांच्या घड्या करत होती, काका खुर्चीत पेपर वाचत होते.

‘यात आपली पृथ्वी कुठली?’ काकूंनी विचारलं.

‘ती बघा आई, सूर्यापासून तिसरी.’

‘एवढीशी?’

‘गुरूच्या मानानं तेवढीच असते. खरं तर याहूनही लहान पाहिजे.’

‘असेना,’ काकू म्हणाल्या. ‘आपण राहतो तिथे. जरा मोठी लाव.’

सुनेनं हातातला टॉवेल ठेवला. छताकडे बघून तिनं थोडा विचार केला, आणि काकांना विचारलं, एखादा मोठा गोळा शिल्लक आहे का. काका शिडी आणायला उठले.