तिकीट खिडकीचा हार

आंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना जिथे संपतो तिथे मंजुळाबाई फुलं विकायला बसत. इतकी वर्षं बसत होत्या, की पत्ता सांगताना लोक "फुलवाल्या मावशींपासून डावीकडे वळा" असं खुशाल सांगत. मंजुळाबाईंना ते ऐकू यायचं आणि आवडायचंही. पण चेहरा असा ठेवायच्या, जणू स्टेशन त्यांच्या आधाराने उभं आहे आणि त्याचं त्यांना काही विशेष नाही.

बाई मूळच्या जुन्नरकडच्या. लग्न होऊन इकडे आल्या तेव्हा नवरा जगन कंपनीत होता. कंपनी बंद पडली, जगन घरी बसला आणि जो बसला तो बसलाच. मग बाईंनी टोपली उचलली. पहाटे कल्याणच्या बाजारातून झेंडू, शेवंती, मोगरा आणायचा. सकाळी कामाला निघालेल्यांना देवाच्या पुड्या द्यायच्या आणि संध्याकाळी गाडीतून उतरणाऱ्या बायकांना गजरे. याच टोपलीवर मुलगा ऋतुराज शिकला, घरावरचे पत्रे जाऊन स्लॅब आला. हे त्या कुणालाही ऐकवत, विचारलं नाही तरी ऐकवत.

पण त्यांचा खरा दिवस वर्षातून एकदाच यायचा, खंडेनवमीला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या हत्यारांची पूजा करायची. स्टेशनात हत्यारं म्हणजे तिकीट खिडकी, आतलं मशीन आणि पॉइंट्समन महिपतची हिरवी-लाल झेंडी. खिडकीला हार मंजुळाबाईंचाच. तो बांधायच्या त्याच आणि नारळही त्यांच्याच हातून फुटायचा. एरवी त्या खिडकीतून त्यांना कुणी हाक मारत नसे. पण त्या दिवशी बुकिंग ऑफिसचं दार उघडायचं, साहेब लोक "या मावशी" म्हणायचे, आणि बाई नवी साडी सावरत आत जायच्या. त्या एका "या"वर त्यांचं वर्ष निघायचं.

मग ऋतुराजचं लग्न झालं आणि रसिका आली.

रसिका कोपरची. बोलायला गोड, हाताला चपळ. "आई, मी बसते ना संध्याकाळची, तुमचे गुडघे दुखतात," असं म्हणून ती टोपलीशी बसली. बाईंनीच तिला सगळं शिकवलं. दोरा किती ओला करायचा, पुडीत तुळस वर ठेवायची, आणि झेंडू कधी म्हणजे कधीही प्लास्टिकमध्ये कोंडायचा नाही, ओल्या फडक्यावर वाऱ्याला पसरून ठेवायचा. पोरगी चार महिन्यांत तयार झाली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

बिनसलं ते पुढे. रसिकाने मोगऱ्यात अबोली घालून दुरंगी गजरे सुरू केले. पैसे मोबाईलवर घ्यायला कोड चिकटवला. कुणाच्या मुलीची परीक्षा आहे, कुणाच्या सासूचं ऑपरेशन झालंय, सगळं तिच्या लक्षात. मंजुळाबाई टोपलीशी असल्या की जिना उतरलेल्या बायका इकडेतिकडे बघून विचारत, "ताई नाही का आज?" आणि "मग उद्या घेते" म्हणून निघून जात. आपल्या जागेवर बसून आपल्यालाच "ताई कुठे" विचारतात! बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ही जळजळच होती, तिला दुसरं सभ्य नाव देण्यात अर्थ नाही. सुनेचं कौतुक करणाऱ्या सासवाही जगात असतात, पण त्यांच्या सुना बहुधा दुसऱ्या स्टेशनावर बसत असाव्यात.

घरी त्या जगनला म्हणाल्या, "गिऱ्हाईक माझं, जागा माझी, नि नाव हिचं!"

"घरातच आहे ना सगळं," जगन म्हणाला. बसून बसून माणूस इतका शहाणा होतो.

यंदा खंडेनवमीच्या दोन दिवस आधी बुकिंगवरचा नवा क्लार्क सुशांत पूल उतरून आला. मंजुळाबाई टोपलीशी होत्या, रसिका शेजारच्या नळावरून पाण्याची बाटली भरून आणत होती. सुशांत बाईंच्या डोक्यावरून बघत म्हणाला, "वहिनी, खिडकीच्या हाराचं बघाल ना? परवा सकाळी लागेल."

रसिका एकदा सासूकडे बघून म्हणाली, "हो दादा, होईल."

बस. तेवढंच बोलणं झालं. बाई गजरा ओवत राहिल्या. सुई दोनदा बोटात घुसली.

आता दसऱ्याच्या मोसमात गुडघेदुखी कुठच्या कुठे गेली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दुपारी रसिका स्टेशनवर असताना बाईंनी कडी लावली आणि हार करायला घेतला. जाड झेंडू, मध्ये आंब्याची पानं, शेवंतीचे तुरे. असा हार त्यांनी आजवर केला नव्हता, कारण आजवर कुणाला हरवायचं नव्हतं. उद्या पहाटे रसिकाच्या आधी पोचायचं, आपला हार खिडकीला चढवायचा. मग कोण काढतंय बघू. प्रश्न एकच होता, लपवायचा कुठे? घर दोन खोल्यांचं. बाईंनी हारावर भरपूर पाणी शिंपडलं, तो प्लास्टिकच्या गोणीत घातला, तोंड दोरीने घट्ट बांधलं आणि गोणी कॉटखाली पार भिंतीपर्यंत सरकवली.

संध्याकाळी रसिकाने घरातच, सगळ्यांसमोर, तिचा हार केला. ओल्या साडीवर पंख्याखाली पसरून ठेवला आणि विचारलं, "आई, बघा ना, बरा झालाय?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. हार ठीक नव्हता. सुरेख होता.

पहाटे गोणी काखेत मारून बाई निघाल्या. ऑक्टोबरचा उकाडा अजून हवेत होता. स्टेशनवर खिडकीपुढे महिपत झेंडीच्या काठीला हळदकुंकू लावत होता. "लवकर आलात बाई," तो म्हणाला. बाई जिन्याच्या आडोशाला गेल्या, दोरी सोडली आणि गोणीत हात घातला.

हात गरम चिखलात गेला. झेंडू तापून काळा पडला होता, पाकळ्या बोटांना लगदा होऊन चिकटत होत्या आणि कुबट वास सुटला होता. ज्या चुकीसाठी त्यांनी रसिकाला चार महिने टोकलं होतं, ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली होती. झेंडू कोंडायचा नाही हे त्या विसरल्या नव्हत्या. सुनेला दिसू नये, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"आई?"

मागे रसिका उभी होती, हातात सुपभर हार. तिने सासूकडे पाहिलं, गोणीकडे पाहिलं, वास तर आलाच असणार. बाईंना वाटलं, आता ही बोलणार. बोलावंच तिने. निदान भांडता तरी येईल.

तेवढ्यात ऑफिसचं दार उघडून सुशांत बाहेर आला. "वा वहिनी! आणलात हार?"

"मी फक्त घेऊन आले," रसिका म्हणाली. "केलाय आईंनी. दरवर्षी त्याच करतात ना."

आणि तिने सूप सासूच्या हातात दिलं, पायाने गोणी हळूच जिन्याखाली सरकवली.

"अरे, मग या मावशी, या ना आत," सुशांत म्हणाला.

वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलेला, तो "या" मिळाला. बाई आत गेल्या. हार खिडकीला बांधला. तो इतका नेटका बसला की तिकिटाला उभे असलेले लोकही दोन घटका बघत राहिले. कुणी फोटो काढला. महिपतने नारळ बाईंच्या हातात दिला आणि हाराकडे बघत मान हलवली.

"बाई, तुमचे सगळे हार मी पाहिलेत बरं का. पण खरं सांगू? यंदा कुठे तुमचा हात बसला."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. रसिका दारात उभी होती.

"हो ना," मंजुळाबाई म्हणाल्या, "एवढ्या वर्षांचा सराव आहे."

रसिकाने हसून मान डोलावली, आणि मंजुळाबाईंना ती कधी नव्हे इतकी नकोशी वाटली.