पुळणीवरचे वाटे

पहिलीत असताना माझी एक खात्री झाली होती, की फळ्यावरचा पाच आपल्या काही कामाचा नाही. गिरवायला सांगा, झकास गिरवीन. एक ते वीस एका दमात म्हणून दाखवीन. पण तो फळ्यावरचा आकडा म्हणजे नेमकं किती, ते कळत नव्हतं आणि विचारायची लाज. दिवाळीनंतर बाईंनी आईला बोलावून सांगितलं की असंच चाललं तर पोरीला पुन्हा पहिलीत बसवावं लागेल.

आई मासे विकायची, वडील मासेमारीच्या लाँचवर. धाकटा भाऊ नुकता रांगायला लागला होता आणि त्याला सांभाळणारी शेजारची म्हातारी लेकीकडे निघाली होती. "येत नसंल तर ऱ्हा घरी," आई म्हणाली, "भावाला तरी बघशील." मी रडून घर डोक्यावर घेतलं. गणित सोडलं तर शाळेइतकं काहीच मला आवडत नव्हतं.

बाई देवरूखकडच्या, नव्या आलेल्या. शनिवारची सकाळची शाळा त्या मागच्या पुळणीवर, समुद्राच्या वाळूतच भरवायच्या. गावाला ही थेरं वाटायची. त्या शनिवारी त्यांनी सगळ्यांना शिंपल्या वेचून मोजायला लावल्या. मीही फ्रॉकचा ओचा भरून आणल्या.

"किती झाल्या?" बाईंनी विचारलं.

"तीन."

पोरं खो खो हसली. माझ्या नाकावर राग तेव्हापासूनच. "तीनच हायत! तीन वाटं!" मी ओरडले.

मी आईसारखे वाटे लावले होते. प्रत्येकात एक मोठी, बाकीच्या मध्यम, म्हणजे गिऱ्हाईक कुरकुरत नाही. बाजारात कोणी "मासे किती" विचारतं का? वाटे किती, एवढंच विचारतात.

बाई हसल्या नाहीत. पदर खोचून माझ्यापुढे वाळूत बसल्या. "मावशी, एक वाटा द्या हो. किती आल्या यात?"

"पाच."

"आणखी एक घाला की."

"परवडत न्हाय!" असं म्हणत मी एक घातली. बाईंनी वाट्याशेजारी बोटाने आधी ५ लिहिला होता, तो पुसून ६ केला. मी बघतच राहिले. मला इतका आनंद झाला की मी सगळे वाटे मोडून पुन्हा लावायला घेतले.

तेवढ्यात बांगडे भरलेली टोपली घेऊन आई किनाऱ्यावरून आली. लेक मासेवालीचा खेळ मांडून बसलेली बघून तिचा पारा चढला. "ही टोपली तुज्या डोक्यावर येऊ नये म्हनून शालेत धाडलंय गो तुला! नि बाई, तुमी हिला मासं इकायला शिकवताव?"

बाई वरमल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हीच विचारून बघा तिला."

आईने टोपली उतरवली. "वाट्याला पाच बांगडं. तीन वाटं लावलं. दोन बांगडं मांजरानं पळवलं. किती ऱ्हायलं?"

मी शिंपल्यांचे वाटे लावले, मांजराच्या दोन बाजूला काढल्या, उरलेल्या मोजल्या आणि ओल्या वाळूत बोटाने १३ लिहिले.

आईला उत्तर केव्हाच ठाऊक होतं. वाचता मात्र येत नव्हतं. "काय लिवलंन हिनं?" तिने बाईंना विचारलं.

"तेरा."

 आई टोपली डोक्यावर घेऊन निघाली, पण जाताना त्या तेरावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून गेली.

सोमवारी म्हातारी लेकीकडे गेली. मी दप्तर घ्यावं की नाही, या विचारात दारात उभी होते. आईने धाकट्याला कडेवर घेतलं, डोक्यावर टोपली चढवली आणि बाजाराच्या वाटेला लागली. चार पावलं गेल्यावर मान न वळवता ओरडली, "उबी काय ऱ्हायलीस गो? घंटा झाली ना!"